स्पेनमध्ये नोकरी न करता राहण्याचा परवाना: नाशिकहून अर्ज करताना कागदांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

पेन्शन, घरभाडे, व्याज किंवा साठवलेली पुंजी यांवर स्वतःचा खर्च भागवू शकणाऱ्या परदेशी नागरिकाला स्पेन निवासाचा परवाना देते. त्याची मुख्य अट अशी: तिथे राहायचे, पण काम करून कमवायचे नाही. स्पॅनिशमध्ये याला ‘नो लुक्रातिवा’ निवास म्हणतात. नाशिकमधून असा अर्ज करण्याचा विचार असलेल्यांत निवृत्त अधिकारी, सातपूर-अंबडचे कारखाने मुलांवर सोपवलेले उद्योजक आणि द्राक्षबागा वाट्याने दिलेले शेतकरी अशी मंडळी असतात. ऐपत बहुतेकांची असते आणि कागदही मिळतात, मात्र ते चुकीच्या क्रमाने गोळा केले जातात. पोलीस दाखला (गुन्ह्याची नोंद नसल्याचा) पहिल्या आठवड्यात काढून ठेवायचा, विम्याची चौकशी शेवटी करायची, आणि विमा नाकारला गेला की सगळी फाईल शिळी होऊ द्यायची, हा प्रकार वारंवार घडतो. म्हणून पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने पार पाडावेत, आणि प्रत्यक्ष अर्ज भरण्यापूर्वी मुंबईतील स्पॅनिश वाणिज्य दूतावासाची त्या दिवशीची यादी पुन्हा एकदा वाचावी.

टप्पा १. हा परवाना आपल्याला लागू होतो का, ते आधी ठरवा

काम न करण्याची अट फक्त स्पेनमधील नोकरीपुरती आहे असा गैरसमज सर्रास आढळतो. स्पेनमध्ये बसून नाशिकच्या कंपनीचे काम लॅपटॉपवरून करणे, जुन्या रुग्णांना व्हिडिओवर सल्ला देणे किंवा सीए म्हणून विवरणपत्रे भरून देणे हे सगळे कामच धरले जाते. दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी स्पेनने २०२२ च्या स्टार्टअप कायद्याद्वारे वेगळा परवाना ठेवला आहे आणि त्याच्या अटी निराळ्या आहेत.

उद्योजकांनी येथे विशेष थांबावे. प्रोप्रायटरी फर्म अजून आपल्या नावावर असेल, किंवा भागीदारीतून दरमहा मानधन येत असेल, तर ते उत्पन्न श्रमाचे ठरते आणि अर्ज अडू शकतो. व्यवसाय हस्तांतरित करणे, भागीदारीतून निवृत्त होण्याचा करार करणे किंवा संचालकपदाचा राजीनामा देऊन केवळ भागधारक राहणे, हे सारे अर्जाच्या बरेच आधी पूर्ण झालेले असावे. अर्जाच्या आदल्या महिन्यातला राजीनामा आणि त्याच महिन्यापर्यंत जमा झालेले मानधन एकाच फाईलमध्ये दिसले, तर अधिकाऱ्याला शंका येणारच.

तपासणी: गेल्या वर्षीचे आयकर विवरणपत्र उघडून प्रत्येक उत्पन्नापुढे ‘मी नाशिक सोडले तरी हे येत राहील का’ असा प्रश्न लिहावा. ज्याचे उत्तर नाही, ते उत्पन्न हिशेबातून वगळावे.

टप्पा २. बँकेच्या आधी विमा

हा टप्पा जवळजवळ सगळेच शेवटी ढकलतात. माझ्या मते कागद जमवताना तोच पहिला असायला हवा. अर्जासाठी लागणारा आरोग्य विमा स्पेनमध्ये व्यवसाय करण्यास अधिकृत असलेल्या कंपनीचाच असावा लागतो. त्याचे संरक्षण तेथील सार्वजनिक आरोग्यसेवेच्या तोडीचे असावे, प्रत्येक उपचारामागे रुग्णाने काही हिस्सा भरण्याची अट त्यात नसावी, आणि पॉलिसी निवासाचा संपूर्ण कालावधी व्यापणारी असावी. भारतात मिळणारा प्रवास विमा, मग तो कितीही लाखांचा असो, येथे चालत नाही. भारतीय मेडिक्लेमही चालत नाही.

खरी अडचण वयाची आणि जुन्या आजारांची असते. अनेक विमा कंपन्या ठरावीक वयानंतर नवा ग्राहक घेत नाहीत, आणि मधुमेह, हृदयविकार किंवा अँजिओप्लास्टीचा इतिहास असल्यास नकार देतात किंवा तो आजार वगळून पॉलिसी देतात. म्हणून पासष्टीच्या पुढच्या जोडप्याने एकही दाखला काढण्यापूर्वी दोन-तीन स्पॅनिश कंपन्यांकडून लेखी कोटेशन मागवावे. आजार लपवू नये. दडवलेला आजार पहिल्या रुग्णालयीन बिलाच्या वेळी उघडा पडतो आणि पॉलिसी रद्द होते.

इशारा: कोटेशन आल्यावर लगेच पूर्ण हप्ता भरू नये. व्हिसा नाकारल्यास हप्ता परत मिळेल का, हे कंपनीकडून लेखी घ्यावे आणि पॉलिसीची सुरुवातीची तारीख अपेक्षित प्रवासाच्या जवळ ठेवावी.

टप्पा ३. ऐपतीचा हिशेब

स्पेन ऐपत मोजण्यासाठी ‘इप्रेम’ नावाचा सरकारी निर्देशांक वापरते. २०२३ पासून तो दरमहा ६०० युरो आहे. मुख्य अर्जदाराला त्याच्या ४०० टक्के, म्हणजे दरमहा २,४०० किंवा वर्षाला २८,८०० युरो दाखवावे लागतात. सोबत येणाऱ्या कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीमागे आणखी १०० टक्के, म्हणजे वर्षाला ७,२०० युरो. पती-पत्नीसाठी ही रक्कम ३६,००० युरो होते. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तरी हे वर्षाला ३६ लाख रुपये आहेत, आणि रुपया घसरला की हा आकडा वाढतो. म्हणून अगदी काठावर न थांबता बऱ्यापैकी वर राहावे.

निव्वळ पेन्शनवर ही रक्कम भरून निघणे बहुतेकांना शक्य नसते. उत्पन्न आणि बचत मिळून ऐपत दाखवता येते, पण कोणत्या कागदाला किती वजन आहे हे समजून घ्यावे लागते.

राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेतील बचत खाते व मुदत ठेव हा सर्वांत सरळ पुरावा आहे. बँकेच्या पत्रात ठेवीची रक्कम, मुदत आणि मुदतीपूर्वी ती मोडता येते हे स्पष्ट लिहिलेले असावे. म्युच्युअल फंड व शेअर यांची विवरणे जोड म्हणून द्यावीत. त्यांचे मूल्य रोज बदलत असल्याने सगळा भार त्यांच्यावर टाकू नये.

पतसंस्थेतील ठेव मात्र कमकुवत पुरावा आहे. जिल्ह्यात अनेकांची मोठी रक्कम जास्त व्याजापोटी पतसंस्थांत अडकलेली असते; पतसंस्था ही बँक नसते आणि तिथून परदेशी पैसे पाठवताही येत नाहीत. अशी रक्कम अर्जाच्या किमान सहा महिने आधी परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकेत आणावी आणि मूळ ठेवीची पावती जपून ठेवावी. अर्जाच्या तोंडावर खात्यात अचानक चाळीस लाख आले आणि ते कुठून आले याचा कागद नसला, तर ते कर्जाऊ किंवा उसने घेतलेले मानले जाण्याचा धोका असतो.

शेतीच्या उत्पन्नाबद्दल दोन गोष्टी. द्राक्ष किंवा कांद्याच्या विक्रीची पट्टी हा नियमित उत्पन्नाचा पुरावा म्हणून टिकत नाही, आणि स्वतः कसत असल्यास ते श्रमाचे उत्पन्न ठरू शकते. जमीन खंडाने दिली असल्यास नोंदणीकृत करार आणि बँकेत जमा होणारी रक्कम दाखवावी. शेती उत्पन्न करमुक्त असले तरी विवरणपत्रात दाखवायचे असते; ते ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर आयटीआर-१ हा विवरणपत्राचा साधा नमुना चालत नाही. वर्षानुवर्षे आयटीआर-१ भरून शेतीचा रकाना कोरा ठेवलेला आणि फाईलमध्ये मात्र शेतीचे लाखो रुपये, ही विसंगती अर्जापूर्वीच दूर करावी.

तपासणी: प्रत्येक रकमेसमोर तीन कागद हवेत. ती कुठून आली, आज कुठे आहे आणि हवी तेव्हा काढता येते का. तिसरा कागद बहुधा राहून जातो.

टप्पा ४. नावे जुळवा

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ लागतो. कुटुंबातील एका महिलेचे कागद शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव आणि वडिलांचे नाव. लग्नात नावच बदललेले असल्याने पासपोर्टवर वेगळेच पहिले नाव, मध्ये पतीचे नाव आणि सासरचे आडनाव. बँकेत पतीच्या नावाचे केवळ आद्याक्षर. आणि मुदत ठेवीच्या पावतीवर आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग एका अक्षराने निराळे. आपल्याला ही एकच व्यक्ती दिसते, पण स्पॅनिश अधिकाऱ्याला त्यात तीन व्यक्ती दिसू शकतात.

पासपोर्टवरील नाव प्रमाण मानून बाकीचे कागद त्याच्याशी जुळवावेत. बँकेतील नाव केवायसी अर्जाने दुरुस्त होते. लग्नात पहिले नाव बदलले असेल तर राजपत्रातील नामबदलाची प्रत किंवा दोन्ही नावे नमूद असलेला विवाह दाखला उपयोगी पडतो. केवळ प्रतिज्ञापत्रावर विसंबू नये.

पत्नी किंवा पती कुटुंबीय म्हणून सोबत येणार असल्यास विवाह दाखला अनिवार्य आहे. १९८० च्या दशकात किंवा त्याआधी झालेले पुष्कळ विवाह नोंदलेलेच नसतात. लग्नपत्रिका आणि अल्बम यांनी भागत नाही. महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली जुन्या विवाहाची नोंद आजही करता येते. शहरात राहणाऱ्यांनी महापालिकेच्या विभागीय कार्यालयात आणि गावात राहणाऱ्यांनी ग्रामपंचायतीकडे जावे. दाखला इंग्रजी मजकुरासह मागावा, कारण केवळ मराठी दाखल्याचे स्पॅनिश भाषांतर करून घेणे जिकिरीचे होते.

टप्पा ५. तारखांचा उलटा हिशेब

इथपर्यंतचे बहुतेक कागद लवकर शिळे होत नाहीत, पुढचे होतात. वैद्यकीय दाखला तीन महिन्यांहून आणि पोलीस दाखला सहा महिन्यांहून जुना चालत नाही असे धरूनच नियोजन करावे. म्हणजे आधी मुंबईतील भेटीची अंदाजे तारीख ठरवावी, तिथून मागे मोजत भाषांतर, अपोस्टील (कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून होणारे सरकारी प्रमाणीकरण) आणि दाखला यांना लागणारे दिवस वजा करावेत, आणि मगच पोलीस दाखल्याचा अर्ज करावा.

पोलीस दाखला पासपोर्ट सेवा संकेतस्थळावरून मागवायचा आणि तो पासपोर्ट कार्यालयाने दिलेला असावा. थेट पोलीस आयुक्तालयातून घेतलेले चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र या कामी वापरू नये. अर्जात देश म्हणून स्पेनच निवडावा, कारण दाखल्यावर देशाचे नाव छापले जाते आणि दुसऱ्या देशासाठी काढलेला दाखला निरुपयोगी ठरतो. पासपोर्टवर निफाडचा जुना पत्ता आणि प्रत्यक्ष राहणे इंदिरानगरला, अशी स्थिती असेल तर पडताळणी ग्रामीण आणि शहर पोलिसांच्या हद्दीत रेंगाळते. पत्ता बदलून पासपोर्ट आधी नव्याने घेतलेला बरा. तो किमान वर्षभर वैध असणेही आवश्यक आहे.

दाखला गेल्या पाच वर्षांत जिथे जिथे वास्तव्य होते त्या प्रत्येक देशाचा लागतो. मुलाकडे अमेरिकेत सलग सहा-सहा महिने राहून आलेल्यांनी, आपल्याकडून तेथील एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेचा दाखला मागितला जाईल का, हे दूतावासाला आधीच लेखी विचारावे. तो बोटांच्या ठशांवर मिळतो आणि भारतात बसून मागवायला वेळ लागतो.

वैद्यकीय दाखल्यात रक्त-लघवीच्या अहवालांची गरज नसते. २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीनुसार सार्वजनिक आरोग्यास गंभीर धोका ठरेल असा कोणताही आजार अर्जदाराला नाही, हे वाक्य त्यात जसेच्या तसे असावे लागते. ‘फिट फॉर ट्रॅव्हल’ असे लिहिलेला लेटरहेड परत येतो. डॉक्टरांकडे जाताना मजकूर टाइप करून न्यावा, आणि सही, शिक्का व नोंदणी क्रमांक तिथेच तपासून घ्यावेत.

टप्पा ६. आधी अपोस्टील, मग भाषांतर

भारत २००५ पासून अपोस्टील करारात आहे आणि स्पेनही त्यात आहे, त्यामुळे दूतावासाच्या वेगळ्या साक्षांकनाची गरज उरत नाही. परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टील शुल्क प्रत्येक कागदाला ५० रुपये आहे. त्यावर संकलन करणाऱ्या अधिकृत संस्थेचे सेवाशुल्क. नाशिकमधला एजंट याचे हजारो रुपये सांगत असेल, तर त्यातले शुल्क किती आणि हमाली किती, हे विचारायला हरकत नाही.

पासपोर्ट कार्यालयाचा पोलीस दाखला थेट अपोस्टीलला जाऊ शकतो. विवाह दाखला मात्र आधी राज्य शासनाकडून, म्हणजे मुंबईत मंत्रालयातून, प्रमाणित करून घ्यावा लागतो. खासगी डॉक्टरांच्या दाखल्याला त्याआधी नोटरीचीही पायरी येते.

त्यानंतरच स्पॅनिश भाषांतर करावे, आणि ते स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच. क्रम उलटा झाला तर अपोस्टीलचा मजकूर भाषांतरात येत नाही आणि पुन्हा पूर्ण भाषांतराचे पैसे भरावे लागतात. भाषांतरकाराला पासपोर्टची प्रत सोबत पाठवावी, म्हणजे नावाचे स्पेलिंग तोच तिथे जुळवेल.

इशारा: अपोस्टीलचा स्टिकर लागल्यावर कागद लॅमिनेट करू नये आणि पिनाही काढू नयेत.

टप्पा ७. मुंबईत अर्ज

महाराष्ट्रातील रहिवाशांचा अर्ज मुंबईतील वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतो, आणि भारतात स्पेनच्या व्हिसा अर्जांची स्वीकृती बीएलएस ही संस्था करते. राष्ट्रीय व्हिसाचा अर्ज, निवासपरवान्याचा ईएक्स-०१ अर्ज आणि ७९०-०५२ क्रमांकाचा शुल्क फॉर्म हे तीन वेगळे कागद आहेत. पहिला भरला की झाले, असे समजून बाकीचे दोन विसरणारे अर्जदार काउंटरवर हमखास भेटतात. ‘शेंगेन टूरिस्ट’ या अल्पमुदतीच्या पर्यटन प्रकारात वेळ घेतली तर अर्ज घेतला जात नाही. वेळ राष्ट्रीय, दीर्घ मुदतीच्या प्रकारातच घ्यावी.

सकाळची वेळ मिळाली असेल तर आदल्या संध्याकाळीच मुंबई गाठावी. नऊची भेट पंचवटी एक्स्प्रेसने साधत नाही. मूळ कागदांचा एक आणि छायाप्रतींचा एक असे दोन संच, प्रत्येक व्यक्तीसाठी वेगळे, यादीच्या क्रमाने लावून न्यावेत. पती-पत्नी दोघांच्या फायलीत विवाह दाखल्याची प्रत स्वतंत्र हवी. सोबत एक पानाचे साधे निवेदन जोडावे: स्पेनमध्ये कोठे राहणार, खर्च कशातून भागणार आणि काम करणार नाही याची हमी. चार पानांची कौटुंबिक कहाणी लिहू नये.

निर्णयासाठी कायद्याने तीन महिन्यांचा अवधी आहे. मध्येच जादा कागद मागितल्यास तो लांबतो. ईमेल रोज पाहावी, स्पॅममध्येही. मंजुरी कळवल्यापासून एक महिन्यात व्हिसा स्वतः घ्यायचा असतो. म्हणून या काळात चारधाम किंवा अमेरिकेचे बेत आखू नयेत.

टप्पा ८. निघण्यापूर्वी घरची व्यवस्था

व्हिसा हातात येईपर्यंत घर विकू नये, खाती बंद करू नयेत. आला की पुढील कामे लगेच उरकावीत.

रहिवासी म्हणून उदारीकृत प्रेषण योजनेखाली प्रत्येक व्यक्तीला आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक सर्वसाधारण प्रयोजनांसाठी २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच वसूल होणारा कर) कापते. तो विवरणपत्रात जमेला धरता येतो, पण तोवर पैसे अडकतात. त्यामुळे पहिल्या वर्षाचा खर्च मार्च आणि एप्रिल अशा दोन आर्थिक वर्षांत, तेही पती-पत्नी दोघांच्या खात्यांतून विभागून पाठवणे शहाणपणाचे.

परदेशी स्थायिक होताच साधे बचत खाते अनिवासींच्या एनआरओ खात्यात बदलावे लागते. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालू राहते, पुढे वाढवता येत नाही. शेतजमीन स्वतःकडे ठेवता येते, मात्र अनिवासी झाल्यावर नवी विकत घेता येत नाही. गंगापूर रोडचा फ्लॅट भाड्याने दिला असेल तर भाडेकरूला आता भाड्यातून अनिवासी मालकाचा कर कापावा लागतो. हे त्याला करारातच लिहून द्यावे, नाहीतर भाडे पूर्ण येत राहते आणि नोटीस त्याला येते. मुलाला किंवा भावाला द्यायचे मुखत्यारपत्र निघण्यापूर्वीच दुय्यम निबंधकांकडे नोंदवावे. हेच स्पेनमधून करायचे झाल्यास दूतावासाच्या फेऱ्या पडतात. पेन्शनधारकांनी नोव्हेंबरचा हयातीचा दाखला मोबाईलवरून देण्याची सोय येथेच एकदा चालवून पाहावी.

करासाठी तारखेचा विचार करावा. स्पेनचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असते आणि त्यात १८३ दिवसांहून जास्त राहिल्यास जगभरातील उत्पन्न तेथे जाहीर करावे लागते. भारतातील बँक खाती, गुंतवणुकी किंवा स्थावर मालमत्ता यांपैकी एखाद्या गटाचे मूल्य ५०,००० युरोंच्या वर असल्यास पुढील वर्षी जानेवारी ते मार्च या काळात ‘मॉडेल ७२०’ हे माहितीपत्रकही भरावे लागते. जुलैचा पहिला आठवडा उलटल्यावर पोहोचल्यास पहिल्या वर्षी ही मर्यादा ओलांडली जात नाही. तरीही दोन्ही देशांचे नियम जाणणाऱ्या सीएचा सल्ला एकदा घ्यावा. तिकिटाच्या किमतीपेक्षा हा विषय मोठा आहे.

टप्पा ९. पोहोचल्यानंतर

प्रवेशाच्या तारखेपासून एक महिन्याच्या आत निवासाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करायचा असतो. त्याआधी भाडेकरार घेऊन स्थानिक नगरपालिकेत पत्त्याची नोंद करावी. तिला ‘एम्पाद्रोनामिएंतो’ म्हणतात. पर्यटकांना देतात तसा अल्पमुदतीचा करार नोंदीसाठी नाकारला जाण्याची शक्यता असते. मग ईएक्स-१७ अर्ज, ७९०-०१२ चे शुल्क, फोटो आणि पासपोर्ट घेऊन पोलीस कार्यालयात बोटांचे ठसे द्यायचे. ऑनलाइन भेटीची वेळ मोठ्या शहरांत सहज मिळत नाही, म्हणून पोहोचल्या दिवसापासूनच प्रयत्न सुरू करावा. शेंगेन क्षेत्रातल्या (आपसात सीमेवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या) दुसऱ्या देशातून विमान बदलून आल्यास स्पेनमध्ये पासपोर्टवर शिक्का पडत नाही. म्हणून प्रवेशाच्या तारखेचा पुरावा म्हणून बोर्डिंग पास जपून ठेवावा.

अर्ज नाकारला गेल्यास कारणासह लेखी निर्णय मिळतो. त्यावर एक महिन्यात दूतावासाकडेच फेरविचाराचा अर्ज करता येतो, किंवा दोन महिन्यांत माद्रिदच्या उच्च न्यायालयात दाद मागता येते. कारण कागदाच्या त्रुटीचे असेल तर फेरविचार पुरे. ऐपतीच्या पुराव्याचे असेल तर नव्याने अर्ज करणे बहुधा लवकर होते.

पहिला परवाना एक वर्षाचा असतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या आधीच्या दोन महिन्यांतच द्यावा. त्या वेळी पुढच्या काळासाठीची ऐपत, चालू विमा आणि पत्त्याची नोंद पुन्हा तपासली जाते. म्हणून विम्याचा हप्ता आणि नाशिकहून येणाऱ्या प्रत्येक रकमेची बँक पावती पहिल्या महिन्यापासून एका वेगळ्या फाईलमध्ये लावत जावी.